उरलेल्या रंगाची पगडी

"ही केशरी साडीतली जाडजूड बाई कोण मध्येच कडमडली? काढून टाका हिला."

हे वाक्य मी अंधारात, पडद्याकडे बोट दाखवून, अगदी अधिकारवाणीने उच्चारलं. ठिकाण आमच्या संस्थेचं थिएटर. थिएटर म्हणजे काळे पडदे लावलेली खोली आणि मागच्या भिंतीत प्रोजेक्टरसाठी पाडलेलं चौकोनी भोक. मागच्या रांगेत आमची कन्या बसली होती. जन्म चंदीगडचा, त्यामुळे मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. तिने लगेच भाषांतर करून टाकलं, "आई, पापा ने आपको मोटी बोला."

कारण ती बाई म्हणजे आमची ही. शालन. मीच तिला त्या फिल्ममध्ये उभी केली होती, आणि स्वतःला पडद्यावर बघायला ती हौसेने आली होती. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दार आपटल्याचा. त्यानंतर आमच्या घरी बरेच दिवस फक्त मुगाची खिचडी शिजली.

आता माझं म्हणणं असं, की चूक माझी नव्हती. म्हणजे जाडजूड म्हटलं ही होती. पण न ओळखण्याची नव्हती. मी साडीचा रंग बघून माणूस ओळखायला गेलो. शालनच्या अंगावर त्या दिवशी केशरी साडी नव्हतीच. होती बदामी, फिकट, सोललेल्या बदामासारखी. पडद्यावर ती केशरी झाली होती, आणि ती केशरी करणारा मीच होतो. हे कसं होतं ते सांगायचं तर आधी धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत.

मी मूळचा कोल्हापूरचा. मुंबईच्या एका फिल्म लॅबोरेटरीत रंगांची जुळवणी करायला शिकलो. तिला ग्रेडिंग म्हणतात. कॅमेऱ्यातून निगेटिव्ह येते, तिच्यावरून पडद्यावर दाखवायची प्रिंट काढतात. काढताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश कमीजास्त करता येतात. सकाळी घेतलेला शॉट आणि दुपारी घेतलेला शॉट शेजारी शेजारी आले की एकात नायिका गोरी दिसते आणि दुसऱ्यात तिला कावीळ झाल्यासारखी. ते सारखं करायचं, हे ग्रेडरचं काम. चांगलं केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. वाईट केलं तर नायिकेच्या लक्षात येतं.

पण नुसतं सारखं करून भागत नाही. रंगाने गोष्ट सांगायची असते. मूकपटांच्या काळी रंगीत फिल्म नव्हती, तरी पडद्यावर रंग होता. रात्रीचा प्रसंग असला की फिल्मची तेवढी पट्टी निळ्या रंगात बुडवायची. आग लागली की लाल रंगात. घरात दिवा लावला की पिवळसर. परदेशात बायका ओळीने बसून बारीक ब्रशने एकेक चौकट रंगवायच्या. बोलपट आले आणि रंगात बुडवलेल्या पट्टीवरचा आवाज बिघडायला लागला, तेव्हा ते बंद पडत गेलं. पुढे रंगीत फिल्म आली, पण आपल्याकडे ती इतकी महाग की सगळा सिनेमा काळापांढरा आणि एखादंच गाणं रंगीत. लोक त्या गाण्यासाठी तिकीट काढायचे. थोडक्यात, सिनेमाचे पहिले रंगारी आणि बाजारात दुपट्टे रंगवणारा रंगारी यांची विद्या एकच. पातेल्यात बुडवा आणि वाळत घाला.

ही सगळी विद्या घेऊन मी चंदीगडला एका सरकारी संस्थेच्या चित्रपट विभागात आलो, कारण तिथे क्वार्टर मिळत होतं. आम्ही लोकशिक्षणाच्या छोट्या फिल्म काढत असू. उकळलेलं पाणी प्या, झाडं लावा, रस्ता डाव्या बाजूने चाला. बघणारे झोपायचे. तरी मी प्रत्येक फिल्ममध्ये रंगाची काही ना काही कलाकारी घालायचोच. उकळलेल्या पाण्याला मी दिलेला निळा रंग आजही मुंबईत कुणाला जमणार नाही.

ते दिवस पंजाबात वाईट होते. रोज सकाळी पेपर उघडताना हात जरा थबकायचा. बसमध्ये बेवारस डबा दिसला की सगळी बस रिकामी व्हायची. नाक्यानाक्यांवर वाळूची पोती रचलेली. केशरी पगडी दिसली की लोकांना आधी अतिरेकीच आठवायचा. तरी मुलं शाळेत जात होती, भाजी येत होती, आणि आम्ही मिठाईतल्या भेसळीवर फिल्म काढत होतो. दुकानदार जिलबीत वाईट पिवळा रंग घालतात, तो ओळखायचा कसा, असा विषय.

शूटिंग आमच्या सेक्टरच्या मार्केटात, संध्याकाळी, हलवायाच्या दुकानासमोर. गिऱ्हाईक म्हणून ठरवलेली बाई दुपारी निरोप पाठवून मोकळी झाली की सासू येऊ देत नाही. मी घरी आलो आणि शालनला म्हणालो, "चल, तुला सिनेमात घेतो."

तिने कपाट उघडून पांढरी व्हॉइलची साडी काढली.

"पांढरी नको. पांढरं पडद्यावर भगभगतं. काहीही नेस, पण पांढरं नको."

"बाकीच्या सगळ्या धोब्याकडे आहेत."

"मग ललारीकडून रंगवून आण. तासाभरात वाळते."

ललारी म्हणजे तिकडचा रंगारी. पंजाबी बायकांचा दुपट्टा सूटला अगदी तंतोतंत जुळावा लागतो, त्यामुळे प्रत्येक मार्केटात एखादा ललारी असतोच. आमच्या मार्केटातला गुरदयाल सिंग, पस्तिशीचा, उंच, हात कोपरापर्यंत कायम इंद्रधनुष्य. त्याच्या स्टोव्हवर पातेलं उकळत असे, आणि बायकांशी त्याचा वाद चालू असे. "भैणजी, हा तोच रंग आहे." "कुठे तोच? हा तोतापरी आहे, मला अंगूरी पाहिजे." तो न चिडता पुन्हा बुडवायचा.

त्याची एक रीत होती. स्वतःच्या पगडीसाठी तो कधी वेगळा रंग करत नसे. संध्याकाळी शेवटच्या पातेल्यात जो रंग उरेल त्यात पांढरी पगडी बुडवायची, वाळवायची आणि बांधायची. दुसऱ्या दिवशी धुऊन परत तेच. त्यामुळे शेवटचं गिऱ्हाईक काय रंगवून गेलं ते त्याच्या डोक्यावर दिसायचं. बायका मुद्दाम चेष्टा करायच्या. एकदा कुणीतरी शेवटी राणी रंग रंगवून घेतला, तेव्हा सगळं मार्केट त्याला बघायला आलं होतं. तो हसून म्हणायचा, "रंग तो रंग है जी. फेंकना पाप है."

तर शालन पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या गच्चीवर गेली, आणि मी खाली स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत राहिलो. माझं युनिट वाट बघत होतं, उजेड चालला होता. हॉर्नचा काही उपयोग नसतो, पण वाजवल्याने आपण काहीतरी करतोय असं वाटतं. वरून ती एकदा वाकून म्हणाली, "वाजवू नका हो, येते!" मी वाजवलाच.

संध्याकाळी बदामी साडी नेसून ती जिलबी विकत घ्यायला लागली. एकदम झकास काम केलं. भाव विचारला, नाक मुरडलं, पदर सावरला. यातलं काहीही मी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या मागून गुरदयाल चालत गेला, हातात रंगाचं पाणी ओतायचा पत्र्याचा डबा, डोक्यावर ताजी बदामी पगडी. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "लो भैणजी, अज्ज तुहाड्डा ते मेरा इक्को रंग!" म्हणजे आज तुमचा आणि माझा रंग एकच, आणि तो स्कूटर स्टँडच्या पलीकडच्या गटाराकडे गेला. मी शॉट कापला नाही. मागून माणूस गेला की मार्केट जिवंत वाटतं.

आम्ही सामान बांधून घरी आलो. चहा टाकला, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

स्कूटर स्टँडवर ठेवलेला डबा फुटला होता. माणसं गेली. मी आकडा सांगत नाही, कारण त्यातला एकजण आमच्या शूटिंगच्या वेळी उगाच कॅमेऱ्यासमोर येत होता आणि मी त्याला हाकललं होतं. तो चेहरा मला आकड्यात बसवता येत नाही. गुरदयाल वाचला, तो वर गच्चीवर परतला होता. शालन मुलीला शाळेत सोडायला स्वतः जाऊ लागली.

निगेटिव्ह मात्र ठरल्याप्रमाणे मुंबईला गेली. इथे धंद्यातली एक गोष्ट. आपल्या डोळ्यांना बल्बच्या उजेडात पांढरी भिंत पांढरीच दिसते, कारण डोळा मनातल्या मनात हिशेब करून घेतो. फिल्मला हिशेब येत नाही. उन्हासाठी बनवलेली फिल्म बल्बच्या उजेडात वापरली तर सगळं नारिंगी येतं. आमच्या स्टोअरमध्ये तेव्हा उन्हाचीच फिल्म होती. लेन्ससमोर निळी काच लावून रंग सुधारता येतो, पण मग उजेड पुरत नाही. प्रिंट काढतानाही सुधारता येतो, पण मला तो सुधारायचा नव्हता. मिठाईचं दुकान, दिवेलागण, कढईतली जिलबी... बघणाऱ्याला भूक लागली पाहिजे, आणि मग आपण त्याला सांगायचं की यात विष आहे. म्हणून मी निगेटिव्हच्या डब्यावर लिहून पाठवलं होतं, ऊब ठेवा. मुंबईतला माझा जुना सहकारी दत्ता मैत्रीला जागला. त्याने मी सांगितल्यापेक्षा दोन मापं जास्तच ऊब ठेवली.

ती प्रिंट आली, मी बायकोला ओळखलं नाही, आणि खिचडी सुरू झाली.

खिचडीच्या त्या दिवसांत डीएसपी ढिल्लों साहेब आले. उंच, मितभाषी शीख गृहस्थ, खाकी पगडी. स्फोटाच्या संध्याकाळी मार्केटात शूटिंग झालं होतं असं त्यांना कळलं होतं. मी त्यांना मानाने थिएटरमध्ये बसवलं, समोसे मागवले, आणि प्रोजेक्टर लावायच्या आधी वर सांगितलेला रंगाचा सगळा इतिहास ऐकवला. निळी रात्र, लाल आग, सगळं. साहेब इतक्या लक्षपूर्वक ऐकत होते, की मला वाटलं, चला, या गावात एक रसिक भेटला. शेवटी मी म्हणालो, "साहेब, माणूस विसरतो, पण कॅमेऱ्यापासून काही लपत नाही." हे वाक्य मी दर वर्षी शाळांमध्ये म्हणत असे. टाळ्या पडायच्या.

फिल्म सुरू झाली. शालन जिलबीचा भाव विचारत होती. तिच्या मागून गुरदयाल गेला.

"रोकिये."

"थांबवता येत नाही साहेब, दिव्याने चौकट जळते. मागे घेऊन परत दाखवतो."

परत दाखवली. मग अजून एकदा. मग अजून. डबा हातात घेतलेला माणूस स्कूटर स्टँडकडे जात होता, मागे येत होता, परत जात होता. साहेबांनी समोसा खाली ठेवला.

"केसरी पगड़ी. हाथ में डिब्बा." ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बाहेरगावचा एक प्रवासी स्फोटात वाचला होता. काचा लागून त्याचे दोन्ही डोळे पट्टीखाली होते. त्याने एवढंच सांगितलं होतं, की केशरी पगडीचा एक माणूस डबा घेऊन स्कूटर स्टँडकडे जाताना दिसला. चेहरा आठवत नव्हता. डोळे गेल्यामुळे आता कुणाला समोर उभं करून ओळख पटवण्यातही अर्थ नव्हता. उरला होता फक्त रंग.

"पण साहेब, ती केशरी नाही, बदामी आहे," मी हसत म्हणालो. खरंच हसत. मला अजून काही समजलंच नव्हतं. "हा आमचा ललारी आहे, गुरदयाल."

म्हणजे नाव मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात गेलो तर गच्चीवर स्टोव्ह थंड होता. दोरीवर कुणाचा तरी अर्धवट रंगवलेला दुपट्टा तसाच लोंबत होता. हलवायाने सांगितलं, पहाटे जीप आली होती. त्या काळात जीप येणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांना सांगावं लागत नाही. काही माणसं जीपमधून परत येत, काही येत नसत, आणि विचारायचं कुणाला हेही घरच्यांना कळत नसे. मी हलवायाला म्हटलं, "तुम्ही पाहिलंत ना त्याला? सांगा ना, पगडी बदामी होती म्हणून."

तो कढईकडे बघत म्हणाला, "सावंत साब, पगड़ी की तरफ मेरा ध्यान नहीं गया."

रोज त्या पगडीवर पहिला विनोद तोच करायचा.

मी चौकीवर गेलो. जाताना एक मोठं भाषण जुळवलं होतं. उन्हाची फिल्म, बल्बचा उजेड, लाल प्रकाशाची मापं. ढिल्लों साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मतलब फिल्म का रंग आपने बदला?"

"बदला म्हणजे... ठेवला."

"पुलिस के सबूत का रंग बदला."

"साहेब, तेव्हा तो सबूत नव्हता, तेव्हा ती जिलबी होती!"

शेजारचा हवालदार हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "कल आप कह रहे थे कैमरे से कुछ छुपता नहीं. आज कह रहे हैं कैमरा झूठा है. मैं कौन से सावंत साब को मानूँ?"

आयुष्यभर मी लोकांना दाखवत आलो की बघा, मी रंगाने तुम्हाला कसं फसवतो, दुपारची रात्र कशी करतो, आणि लोक कौतुक करत आले. पहिल्यांदाच मी एका माणसाला सांगत होतो की फसू नका, तर तो ऐकेना. दत्ताने लॅबमध्ये एक बटण दोन मापं फिरवलं होतं, आणि इथे एक माणूस कोठडीत होता. मी तिथल्या बाकावर बसलो.

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "ड्यूटी के बाद मैं कौन से रंग की पगड़ी बाँधूँ, यह मेरी बीवी रोज़ सोचती है. आपको लगता है मुझे रंग का शौक है? मेरे पास और कुछ है ही नहीं."

घरी येऊन मी शालनला सगळं सांगितलं. स्फोटानंतर आणि खिचडीनंतर आमचं एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं. तिने उठून कपाटातून ती साडी काढली आणि पिशवीत घातली.

"चला."

"कुठे?"

"तुमच्या साहेबांकडे. आणि ते मापं बिपं काही बोलू नका. मी बोलते."

साहेब चौकीवरून उठून आमच्याबरोबर आले, ते बहुतेक बाई बोलवायला आली आहे म्हणून. पुन्हा थिएटर, पुन्हा तीच फिल्म. शालनने साडी उलगडून खांद्यावर टाकली आणि खिडकीचा पडदा सारून तिथल्या उजेडात उभी राहिली. तिचं हिंदी म्हणजे मराठीला हिंदीचं कुंकू लावलेलं, पण त्या दिवशी कुणाचं काही अडलं नाही.

"साहेब, ये साडी देखो. इसका रंग क्या है?"

"बादामी."

"अब उधर देखो. जिलबी लेती है वो बाई."

"केसरी."

"वो मैं है."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कपड़ा दूसरा भी हो सकता है, बहनजी."

"दूसरा कैसा होगा? उसी दिन, उसी पातेले में रंगा. मेरा होने के बाद जो बचा, उसमें उसने अपनी पगडी बुडाई. मार्केट में किसी को भी पूछो, उसका रोज का वही है. मेरी साडी केशरी दिखती है, तो उसकी पगडी भी दिखेगी."

"आप उसको बचाने के लिए भी कह सकती हैं."

शालनने साडीची घडी घालायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. घडी घालता घालता ती म्हणाली, "ये मेरा आदमी है ना, रंग का बहुत बडा जानकार है. मुंबई में शिका. पंधरा दिन पहले इधरही बैठके यही फिल्म देखी. मेरे को देखके क्या बोला, मालूम है?"

"अगं, राहू दे..."

"बोला, ये केशरी साडीवाली मोटी कौन है, काट डालो इसको." आणि साहेबांकडे सरळ बघून म्हणाली, "खुद की बीवी नहीं पहचानी, साहेब. दस साल से घर में है. आप तो उस गुरदयाल को एक बार भी मिले नहीं थे."

प्रोजेक्टर नुसताच फरफरत होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एरवी कुणीही पुरुष हसला असता अशी गोष्ट होती, त्यांच्या मिशाही हलल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्यांनी विचारलं, "सच है?"

"अगदी खरं आहे," मी म्हणालो. इतक्या अभिमानाने मी माझा मूर्खपणा पुन्हा कधी कबूल केलेला नाही.

"सही रंग की प्रिंट मँगवाइये. तब तक वो मेरे पास रहेगा. मेरे ही पास." शेवटचे शब्द त्यांनी शालनकडे बघून म्हटले. त्या दिवसांत या शब्दांना मोल होतं, आणि तिला ते कळलं.

मी दत्ताला ट्रंककॉल लावला. तो म्हणाला, "काय रे, ऊब कमी पडली का?" मी ओरडलो, "सगळी काढ! बर्फ कर!" शूटिंगच्या सुरुवातीला घेतलेल्या रंगपट्टीच्या शॉटवरून पांढऱ्याला पांढरं धरून त्याने प्रिंट काढली. त्यात जिलबी फिकी, हलवाई आजारी, मार्केट उदास, सगळी कलाकारी गेलेली. शालन बदामी. गुरदयाल बदामी. साहेबांनी ती एकदाच पाहिली आणि ते उठले. तो केशरी पगडीचा खरा माणूस पुढे मिळाला की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

गुरदयाल परत आला. चालताना एक पाय जरा ओढायचा. विचारलं तर म्हणायचा, "सीढ़ी से गिरा जी." मी माफी मागायला गेलो तर त्याने मलाच स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि माझा हात धरून ठेवला. पातेलं उकळत होतं, बायका अंगूरी आणि तोतापरीवरून भांडत होत्या, तो न चिडता बुडवत होता. सगळं पहिल्यासारखं.

फक्त त्याच्या डोक्यावर पांढरी पगडी होती. संध्याकाळी त्याने पातेलं उचललं आणि उरलेला मोरपंखी रंग गटारात ओतला. शालन म्हणाली, "अहो भाईसाब, फेकताय?" तो म्हणाला, "अब सफ़ेद ही ठीक है, भैणजी." आम्ही तिथे होतो तोवर त्याच्या डोक्यावर दुसरा रंग मी पाहिला नाही.

आता आमचा फ्लॅट चंदीगडला लागूनच झिरकपूरला आहे. मुलगी आयटी पार्कात नोकरीला आहे. तिच्या ओळखीचा एक पोरगा संगणकावर माऊस फिरवून सिनेमाला रंग देतो. मी ऐकतो, विचारतो, हेवाही वाटतो. दुपारची रात्र करायला त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. परवा जेवताना मुलीने त्याला हा सगळा किस्सा सांगितला, मोटीच्या वाक्यासकट, आणि तो म्हणाला, "अंकल, आपकी वॉर्म ग्रेडिंग ने तो मरवा ही दिया था." सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "पण शेवटी माझ्या चुकीनेच वाचवलं की नाही?"

शालन हसली नाही. मुलं गेल्यावर भांडी आवरताना ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी त्या दिवशी गुरदयालला साडीसाठी केशरीच सांगितला होता. त्याने भुकटीची पुडी सोडलीसुद्धा होती. तुम्ही खाली हॉर्न वाजवत होतात, म्हणून म्हटलं, राहू दे, पातेल्यात तयार असेल तो दे."